मूळ प्रत हरवली, नकला उरल्या: सर्बियाच्या मठांनी इतिहास कसा जपला

स्तेफान नेमान्या हा सर्बियाच्या मध्ययुगीन राजघराण्याचा मूळपुरुष. म्हातारपणी त्याने सत्ता सोडली, संन्यास घेतला आणि आजच्या ग्रीसमधल्या अथोस पर्वतावर धाकटा मुलगा सावा याच्यासोबत ११९८मध्ये हिलांदार मठ उभा केला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तो तिथे वारला. त्याच्या अखेरच्या घटकांचं वर्णन सावाने स्वतः लिहून ठेवलं आहे. एकेकाळी सगळ्या सर्बियावर हुकूम चालवणारा हा माणूस मुलाला सांगतो, मला खाली चटईवर निजव आणि उशाला दगड ठेव. सावाने हे चरित्र १२०८च्या सुमारास स्तुदेनित्सा मठाच्या नियमावलीला जोडून लिहिलं. त्याच्या हातची प्रत आज कुठेही नाही. आपण वाचतो ती नियमावलीची प्रत आहे १६१९ सालची, आणि ती आहे प्रागमध्ये.

मध्ये चारशे वर्षं गेली. तेवढ्या काळात सर्बियाचं राज्य मोठं झालं, साम्राज्य झालं, फुटलं, उस्मानी तुर्कांच्या ताब्यात गेलं. तरीही चटई आणि दगड आपल्यापर्यंत पोहोचले, कारण दर काही पिढ्यांनी कुणीतरी जुनी, जीर्ण पोथी समोर ठेवून नवी लिहून काढत होतं. मध्ययुगीन सर्बियाबद्दल आज जे माहीत आहे, त्यातला फार मोठा भाग असाच हातोहात आला आहे. म्हणून हा इतिहास समजून घ्यायचा तर आधी नक्कल म्हणजे काय ते समजून घ्यावं लागतं. माझं म्हणणं असं की या नकलांमधल्या चुका हा त्यांचा दोष जितका, तितकाच त्यांचा सगळ्यात बोलका पुरावाही आहे.

आधी काळाचा पट थोडक्यात. नेमान्याच्या वंशाने १२व्या शतकाच्या उत्तरार्धापासून दोनशे वर्षं राज्य केलं. १२१७मध्ये त्याचा मुलगा स्तेफान याला राजमुकुट मिळाला. १२१९मध्ये सावाने सर्बियन चर्चला स्वतःचा आर्चबिशप मिळवून दिला, आणि पहिला आर्चबिशप तोच झाला. १३४६मध्ये स्तेफान दुशानने स्कोप्येमध्ये सम्राटपद घेतलं. १३७१मध्ये मारित्सा नदीकाठी तुर्कांनी सर्बियन सरदारांचा धुव्वा उडवला, आणि त्याच वर्षी नेमान्याचा वंश संपला. १३८९मध्ये कोसोवोच्या मैदानावर राजपुत्र लाझार मारला गेला. १४५९मध्ये राजधानी स्मेदेरेवो पडली आणि राज्यच उरलं नाही.

या जवळपास तीनशे वर्षांचं लिखाण मुख्यतः दोन प्रकारचं आहे.

पहिला प्रकार चरित्रांचा. त्यातला सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे सर्बियन राजे आणि आर्चबिशप यांच्या चरित्रांचा संग्रह. तो सुरू केला दुसऱ्या दानिलोने. हा माणूस नुसता लेखक नव्हता. तरुणपणी तो राजा मिलुतिनच्या दरबारात होता, मग संन्यासी झाला, आणि १४व्या शतकाच्या सुरुवातीला हिलांदारचा मठाधिपती. त्याच सुमारास कातालान भाडोत्री सैनिकांच्या टोळ्यांनी अथोसवरचे मठ लुटायला सुरुवात केली होती. दानिलोने हिलांदारच्या तटाआडून मठ लढवला. १३२४ ते १३३७ तो आर्चबिशप होता आणि पेच इथे त्याने चर्च बांधली. तिथेच त्याला पुरलं. राजा उरोश, द्रागुतिन, मिलुतिन, राणी येलेना यांच्याबद्दल त्याने लिहिलं ते बऱ्याच अंशी डोळ्यांनी पाहिलेलं, त्या माणसांशी बोललेलं. येलेना फ्रेंच वंशाची होती आणि तिच्या वाड्यात गरिबांच्या मुलींना लिहाय-वाचायला आणि विणकाम शिकवलं जाई, हे आपल्याला दानिलोमुळेच कळतं.

दानिलो गेल्यावर संग्रह थांबला नाही. त्याच्या एका शिष्याने, ज्याने आपलं नावही लिहिलं नाही, त्यात पुढच्या राजांची चरित्रं घातली आणि खुद्द दानिलोचंही चरित्र घातलं. त्यानंतर आणखी कुणीतरी पुढचे आर्चबिशप आणि पॅट्रिआर्क (आर्चबिशपहून वरच्या दर्जाचा चर्चप्रमुख) यांच्याबद्दल थोडक्यात लिहिलं. म्हणजे नक्कल करणारा माणूस शेवटच्या पानाशी आला की कधी कधी लेखणी खाली ठेवत नसे, पुढे लिहीत जाई.

दुसरा प्रकार सालवार नोंदींचा. सर्बियन लोक त्याला लेतोपिस म्हणतात. या नोंदी सुरू झाल्या १४व्या शतकाच्या शेवटी, म्हणजे नेमान्याचा वंश संपल्यावर, आणि मला यात काही योगायोग वाटत नाही. गादीवर वारस असतो तोवर यादी करायची घाई कुणाला नसते. जुन्या लेतोपिसांमध्ये नेमान्यापासूनच्या राज्यकर्त्यांची छोटी छोटी चरित्रं असतात. अशा प्रती मोजक्याच उरल्या आहेत आणि ज्या मठांशी त्यांचा संबंध, त्यांच्या नावांनीच त्या ओळखल्या जातात: कोपोरिन, पेच, स्तुदेनित्सा, त्सेतिन्ये. कोपोरिनची प्रत १४५३ सालची, कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं त्याच वर्षातली. नंतरची लेतोपिसं फार त्रोटक. ती बहुधा सम्राट दुशानच्या १३५५मधल्या मृत्यूपासून सुरू होतात. अमुक साली अमुक मेला, अमुक गड पडला, अमुक मठ जळला, एवढंच, एकेका ओळीत. काही प्रतींत सर्बियाच्या आधी आदमपासूनचा सगळ्या जगाचा इतिहासही असतो. तो बायझंटाइन ग्रीक ग्रंथांच्या स्लाव्ह भाषांतरांतून उचललेला.

आता खरा प्रश्न. राज्य गेल्यावर राजांची चरित्रं लिहून काढायची पदरमोड मठांनी का करावी?

याचं उत्तर सर्बियन चर्चच्या एका खास गोष्टीत आहे. नेमान्याच्या घराण्यातले बरेच राजे संत मानले गेले. नेमान्या स्वतः संत सिमेओन झाला. सावा तर सर्बियाचा सगळ्यात मोठा संत. मिलुतिन, स्तेफान देचान्स्की, राणी येलेना, कोसोवोवर पडलेला लाझार, हे सगळे संत. संताचा दिवस आला की चर्चमध्ये त्याची प्रार्थना म्हणायची आणि त्याचं चरित्र वाचायचं. त्यामुळे राजाचं चरित्र हे प्रार्थनेचं पुस्तक झालं, आणि प्रार्थनेचं पुस्तक फाटलं की नवं करावंच लागतं. परक्या राज्यात गादीचा इतिहास जपायला कुणी पैसा दिला नसता. पूजेला लागणारी पोथी मात्र दर मठाला हवी होती. सालवार नोंदी या पोथ्यांच्या पाठीवर बसून आल्या. एकाच बांधणीत संताचं चरित्र, सणांची तिथीवारी आणि शेवटी चार-पाच पानं लेतोपिस, अशी कितीतरी हस्तलिखितं आहेत.

१५५७मध्ये पेचचं पॅट्रिआर्कपद पुन्हा सुरू झालं. पहिला पॅट्रिआर्क माकारिये हा उस्मानी वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच याचा नातलग. या पदाने विखुरलेले मठ पुन्हा एका धाग्यात आले आणि नकला करण्याच्या कामाला जोर आला. आपल्याला उरलेल्या प्रतींपैकी बऱ्याच १६व्या आणि १७व्या शतकातल्या आहेत, त्याचं एक मोठं कारण हेच.

छापखान्याने हे काम का थांबवलं नाही, असंही विचारता येईल. छपाई सर्बियन भाषेत लवकर आली होती. त्सेतिन्ये इथे माकारिये नावाच्या एका संन्याशाने (पॅट्रिआर्क माकारिये वेगळा) १४९४मध्ये पहिलं पुस्तक छापून पुरं केलं. पण ते होतं उपासनेच्या गीतांचं, आणि पुढेही व्हेनिसपासून छोट्या मठांपर्यंत जे छापलं गेलं ते जवळपास सगळं उपासनेचंच. लेतोपिस छापण्याइतकं गिऱ्हाईक कुठे होतं? ती १९व्या शतकापर्यंत हाताने लिहिली जाणारी गोष्टच राहिली.

नक्कल कशी होत असे ते जरा जवळून पाहू. १४व्या शतकापर्यंत मोठी पुस्तकं चर्मपत्रावर, म्हणजे कमावलेल्या कातड्यावर लिहिली जात. मग इटलीहून कागद येऊ लागला. शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. शीर्षकं आणि अध्यायांची पहिली अक्षरं हिंगुळाच्या लाल रंगात. लेखणी पक्ष्याच्या पिसाची. भाषा रोजच्या बोलण्यातली नाही, तर चर्चची जुनी स्लाव्ह भाषा, सर्बियन वळणाची. म्हणजे लिहिणारा घरी जे बोलत असे त्यापेक्षा वेगळी भाषा तो पानावर उतरवत असे, आणि बोलीतले शब्द नकळत मध्ये शिरत. हे शिरलेले शब्द आज भाषेच्या अभ्यासकांना सोन्यासारखे वाटतात.

काम संपलं की लिहिणारा शेवटी एक टिपण लिही. कुठल्या मठात, कोणत्या साली, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, तेव्हा काय चाललं होतं. या टिपणांत एक ठरलेलं वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: हे पुस्तक पवित्र आत्म्याने लिहिलं नाही, देवदूताने लिहिलं नाही, मातीच्या पापी हाताने लिहिलं आहे, तेव्हा जिथे चुकलो असेन तिथे सुधारा, शिव्याशाप देऊ नका. आपल्याकडच्या पोथ्यांच्या शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' हा श्लोक असतो, तो अनेकांनी पाहिला असेल. जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझ्यावर नाही, असं आपला लेखक म्हणतो. सर्बियन संन्यासी उलट चूक पदरात घेतो आणि वाचणाऱ्याला दुरुस्तीचा अधिकार देतो. हा अधिकार पुढच्या माणसाने खरोखर वापरला, हे विसरता येत नाही. पुस्तक मठातून कुणी नेलं तर त्याला नायकेआच्या धर्मसभेतल्या ३१८ पवित्र पित्यांचा शाप लागो, अशीही ताकीद पुष्कळदा असते.

काही टिपणं स्वतःच इतिहास आहेत. इसाय्या नावाच्या संन्याशाने १३७१मध्ये एका अवघड ग्रीक धर्मग्रंथाचं स्लाव्ह भाषांतर पुरं केलं. काम सुरू केलं तेव्हा दिवस बरे होते. संपवलं तेव्हा मारित्साची लढाई होऊन गेली होती. शेवटच्या टिपणात तो ओस पडलेला मुलुख, भूक आणि गुलाम म्हणून नेलेली माणसं यांचं वर्णन करतो, आणि म्हणतो की तेव्हा जिवंत माणसं आधीच मेलेल्यांना भाग्यवान समजत होती. धर्मशास्त्राच्या पुस्तकाला चिकटून आलेली ही एवढीशी नोंद त्या लढाईनंतरच्या हलाखीचा पहिल्या हाताचा पुरावा आहे.

आता चुकांकडे वळू. चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त आकड्यांत. त्या काळी आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरांनाच किंमत दिलेली होती. कोसोवोच्या लढाईचं साल त्यांच्या मोजणीने ६८९७. ते असं लिहीत: सहा हजारांसाठी 'द्झेलो' हे अक्षर आणि त्याला जोडून तिरपी रेघ, आठशेसाठी 'ओमेगा', नव्वदसाठी 'च', सातसाठी 'झ', आणि हा शब्द नव्हे तर आकडा आहे हे कळावं म्हणून वर एक बारीक आडवी खूण. सहाचं अक्षर आणि सातचं अक्षर दिसायला जवळजवळ. आठचं आणि पन्नासचं अक्षर तर नुसत्या मधल्या रेघेच्या तिरकेपणाने वेगळं. पान ओलीने डागाळलेलं, दिवा मंद, आणि डोळे साठीचे, एवढं पुरेसं आहे एखाद्या राजाचं मरण एक वर्ष पुढे-मागे सरकायला.

त्यात सालाची मोजणी. ते जगाच्या उत्पत्तीपासून मोजत, आणि ती उत्पत्ती इसवी सनाच्या ५५०८ वर्षं आधी झाली असं मानत. म्हणून ६८९७मधून ५५०८ वजा केले की १३८९ येतात. पण त्यांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरमधली घटना असेल तर ५५०९ वजा करायचे. नोंदीत महिना नसेल तर कोणता आकडा वजा करायचा ते ठरवता येत नाही, आणि एका वर्षाचा घोळ तसाच राहतो. तुर्क सेनापती सिनान पाशाने संत सावाचं शरीर बेलग्रेडजवळ व्राचार इथे जाळलं, ते १५९४मध्ये की १५९५मध्ये, यावर इतिहासकार अजून भांडतात.

आकड्यांखेरीज डोळ्यांची उडी असते. एकाच पानावर दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर पहिल्या ओळीवरून लिहून झाल्यावर नजर मूळ पोथीत परतते ती दुसऱ्या ओळीच्या शेवटी, आणि मधला सगळा मजकूर गळतो. लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं. या सगळ्याने १५व्या शतकात एक माणूस फार अस्वस्थ झाला होता. कोन्स्तांतिन हा बल्गेरियातून आश्रयाला आलेला विद्वान, लाझारचा मुलगा देस्पोत (म्हणजे तेव्हाच्या सर्बियाचा राज्यकर्ता) स्तेफान लाझारेविच याच्या दरबारी होता. त्याने अक्षरं आणि शुद्धलेखनावर एक ग्रंथच लिहिला. एक अक्षर चुकलं की देवाबद्दलचं खरं वाक्य पाखंडी होतं, असं त्याचं म्हणणं. त्याचा सूर आज कडक वाटतो. पण देस्पोतने बांधलेल्या रेसावा मठात, म्हणजेच मानासियात, नकलांना जी शिस्त आली आणि जी पुढे कित्येक पिढ्या नमुना म्हणून धरली गेली, ती याच काळजीतून आली.

नकळत झालेल्या चुका एकीकडे, आणि जाणूनबुजून केलेले बदल दुसरीकडे. १५व्या शतकातल्या वंशावळींमध्ये नेमान्याचं घराणं थेट रोमन सम्राट लिसिनियसपर्यंत जाऊन भिडतं. लिसिनियस हा सम्राट कॉन्स्टन्टाइनचा मेहुणा, त्याला सर्ब ठरवून टाकलं की सर्बियन राजे कॉन्स्टन्टाइनचे सोयरे होतात. याला आधार काडीचाही नाही. पण ज्या काळात नेमान्याचा वंश संपला होता आणि इतर घराणी त्याच्या वारशावर हक्क सांगत होती, त्या काळात अशा वंशावळीची गरज कुणाला होती हे त्यातून स्वच्छ दिसतं. खोटी नोंदसुद्धा ती लिहिली गेली त्या काळाबद्दल खरं सांगते.

राजघराण्यातल्या भांडणांचंही तेच. स्तेफान देचान्स्कीला १३३१मध्ये त्याचा मुलगा दुशान याने पदच्युत केलं आणि थोड्याच दिवसांत तो झ्वेचानच्या किल्ल्यात कैदेत मेला. दानिलोच्या शिष्याने हे लिहिलं तेव्हा दुशान गादीवर होता. त्याच्या लिखाणात बापच मुलाचा द्वेष करत होता, म्हणून मुलाला उठावं लागलं. सत्तर-एक वर्षांनी देचानी मठाचा प्रमुख ग्रिगोरिये त्साम्ब्लाक याने त्याच राजाचं चरित्र लिहिलं. तोवर ना दुशान उरला होता ना त्याचा वंश. त्साम्ब्लाक सरळ सांगतो की मुलाने बापाचा जीव घेतला. दोन्ही चरित्रं मठांनी लिहून काढली आणि दोन्ही जपली. याबद्दल मला त्या अनाम नक्कलकारांविषयी खरा आदर वाटतो. एक चरित्र ठेवून दुसरं टाकून देणं त्यांना सहज शक्य होतं.

आता एक उदाहरण जरा तपशिलात, कारण सगळा गुंता त्यात दिसतो. नेमान्याचा शेवटचा वंशज सम्राट उरोश, दुशानचा मुलगा (दानिलोने लिहिलेला राजा उरोश वेगळा). त्याचा सहराजा वुकाशिन. शतकानुशतकं सर्बियात असं मानलं जाई की वुकाशिनने उरोशचा खून केला आणि गादी बळकावली. १६४२मध्ये पॅट्रिआर्क पाय्सियेने उरोशचं चरित्र लिहिलं, त्यातही हेच आहे. हा पाय्सिये साधा माणूस नव्हता. त्याने मठामठांतून जुनी हस्तलिखितं गोळा केली, फाटलेली दुरुस्त करून बांधून घेतली. त्याच्यामुळे कितीतरी पोथ्या वाचल्या. त्याच्याच हाताने खुनाची ही कथा संताच्या चरित्रात कायमची बसली, आणि तिथून लोकांच्या तोंडी गेली.

पण तारखा पाहा. मारित्साची लढाई झाली २६ सप्टेंबर १३७१ला. वुकाशिन आणि त्याचा भाऊ उग्लेशा दोघेही तिथेच मारले गेले. उरोश वारला त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे ज्याचा खून झाला म्हणतात तो खुन्यानंतर दोन महिने जिवंत होता. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात कशी आली नाही? आपण वर पाहिलेली मोजणी लावून बघा. सप्टेंबरची अखेर आणि डिसेंबर, दोन्ही त्यांच्या ६८८० या एकाच सालात पडतात. नुसतं साल लिहिणाऱ्या नोंदीत दोन्ही मरणं शेजारी-शेजारी बसतात, आणि आधी कोण गेला ते दिसत नाही. जिथे महिना आणि दिवस टिकले, तिथेच क्रम टिकला. १९व्या शतकात इलारियन रुवारात्स आणि ल्युबोमिर कोवाचेविच यांनी जुने पुरावे एकमेकांशी ताडून दाखवून दिलं की वुकाशिन या खुनातून सुटतो. रुवारात्स स्वतः मठाचा प्रमुख होता. लोकांच्या भावनांना धक्का लागेल म्हणून त्याने हात आखडला नाही, आणि त्याबद्दल त्याला शिव्याही पुष्कळ खाव्या लागल्या.

रुवारात्ससारखी माणसं काम कसं करतात? मूळ प्रत नसताना, आणि समोर एकमेकींशी न जुळणाऱ्या पंधरा-वीस नकला असताना, खरं काय ते ठरवण्याची एक पद्धत आहे. परीक्षेत दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर काहीच सिद्ध होत नाही, पण दोघांनी एकच विचित्र चूक एकाच जागी केली असेल तर पर्यवेक्षकाला काय ते कळतं. पोथ्यांचंही तसंच. दोन प्रतींत एकाच ठिकाणी एकच ओळ गळलेली असेल, एकाच राजाच्या सालात एकच अक्षर चुकलेलं असेल, तर त्या दोन्ही एकाच पूर्वज प्रतीवरून उतरल्या. अशा सामाईक चुका जुळवत गेलं की प्रतींचं एक घराणं उभं राहतं, कोण कुणाची मुलगी आणि कोण बहीण ते कळतं. हरवलेल्या आजीचा मजकूर मग नातींवरून बराचसा बांधता येतो. एकही चूक न करणारे लेखक असते तर हा वंशवृक्ष काढताच आला नसता.

दुसरी मदत कागदाची. इटलीतल्या कागद कारखान्यांत साच्याच्या जाळीवर तारेची एक आकृती बसवलेली असे, नांगर, बैलाचं डोकं, कात्री, असली. कागद उजेडासमोर धरला की ते जलचिन्ह दिसतं. साचा वर्ष-दोन वर्षांत झिजे आणि नवा करावा लागे, म्हणून तारीख असलेल्या कागदांशी ताडून बिनतारखेच्या हस्तलिखिताचा काळ काही वर्षांच्या अंतरात बसवता येतो. युगोस्लाव्हियात हे शास्त्र रुजवलं ते रशियन क्रांतीनंतर तिकडे स्थायिक झालेल्या व्लादिमिर मोशिनने. १९६१मध्ये त्याने बेलग्रेडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचा स्वतंत्र विभाग सुरू केला.

हस्तलिखितं गोळा करून छापण्याचं काम त्याच्या आधीच्या पिढ्यांनी केलं. स्लोव्हाक विद्वान पावेल शाफार्जिक १८१९ ते १८३३ नोवी साद इथल्या सर्बियन शाळेचा प्रमुख होता. त्या काळात त्याने जमवलेला संग्रह पुढे प्रागला गेला. सावाच्या लिखाणाची १६१९ची प्रत तिथे आहे ती याच वाटेने, आणि प्लेव्ल्याजवळच्या पवित्र त्रैक्य मठात गाव्रिलो नावाच्या संन्याशाने १६५०मध्ये लिहिलेलं लेतोपिसही. दानिलोचा संग्रह ज्युरा दानिचिचने १८६६मध्ये झाग्रेबला छापला. आणि लेतोपिसांचं सगळ्यात मोठं काम ल्युबोमिर स्तोयानोविचचं. हा माणूस काही काळ सर्बियाचा पंतप्रधान होता. पण त्याचं आयुष्य खर्ची पडलं ते मठांतल्या टिपणांच्या आणि लेतोपिसांच्या ओळी एकेक करून उतरवून घेण्यात. त्याने टिपणांचे सहा खंड काढले, आणि १९२७मध्ये जुन्या वंशावळी आणि लेतोपिसं एका ठिकाणी छापली.

त्याचं मोल १४ वर्षांनी कळलं. ६ एप्रिल १९४१ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले आणि राष्ट्रीय ग्रंथालय जळून खाक झालं. लाखो पुस्तकांबरोबर तेराशेंहून अधिक मध्ययुगीन हस्तलिखितं आणि सनदा गेल्या. त्यातल्या काहींचा मजकूर आज फक्त छापील पानांवर आहे, कारण ती जळण्याआधी कुणीतरी उतरवून घेतली होती. त्यांचा कागद आता उजेडासमोर धरता येत नाही, शाई तपासता येत नाही, शंका आली तर पान उलटून पाहता येत नाही. छापणाऱ्याने जे वाचलं तेच शेवटचं वाचन.

हिलांदारलाही ४ मार्च २००४ला मोठी आग लागली. मठाचा जवळजवळ अर्धा भाग पडला, पण ग्रंथसंग्रह वाचला. तिथली आठशेच्या आसपास स्लाव्ह हस्तलिखितं जागच्या जागी आहेत. दिमित्रिये बोगदानोविचने त्यांची सूची १९७८मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या माणसांनी मठाच्या परवानगीने पानांची सूक्ष्मचित्रं (मायक्रोफिल्म) घेतली होती. अथोस पर्वतावर बायकांना पाऊल ठेवायला शेकडो वर्षांपासून मनाई आहे, आणि ती आजही तशीच आहे. त्यामुळे हिलांदारची हस्तलिखितं स्त्री अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. आता त्या कोलंबस शहरात या विद्यापीठाच्या हिलांदार संशोधन ग्रंथालयात बसून त्यांची पानं वाचतात, अक्षरांची वळणं ताडतात, आणि कोणती नक्कल कोणत्या नकलेवरून उतरली यावर आपलं मत मांडतात.